डोकं-मानेचं रेडिएशन घेण्याआधी डोळ्यांची तयारी

रेडिएशन ठरलं की घरातलं सगळं लक्ष खाणं, थकवा आणि येण्याजाण्याच्या सोयीकडे जातं. डोळे आठवतात ते त्रास सुरू झाल्यावर. म्हणून यादीत सगळ्यात वर एक प्रश्न लिहून ठेवा आणि रेडिएशनच्या डॉक्टरांना तो सरळ विचारा: किरणांच्या वाटेत डोळा येतोय का? छातीला किंवा पोटाला रेडिएशन असेल तर सहसा येत नाही, मग बाकीचं वाचलं नाही तरी चालेल. मेंदू, सायनस, नाकामागचा भाग किंवा खुद्द डोळ्याचा कॅन्सर असेल, किंवा बोन मॅरो ट्रान्सप्लांटआधी पूर्ण अंगाला रेडिएशन द्यायचं असेल, तर पुढची तयारी कराच.

डोळ्याच्या कुठल्या भागाला किती ग्रे (रेडिएशनचा डोस मोजायचं एकक) पोचणार, हेही विचारा. असं विचारलेलं डॉक्टरांना आवडेल का, याचा संकोच नको. प्लॅनमध्ये हे आकडे असतातच. सगळ्यात नाजूक भिंग, थोड्या डोसनेही काही वर्षांत मोतीबिंदू होऊ शकतो. अश्रुग्रंथीला साधारण 30 ग्रेच्या वर गेलं की डोळे कोरडे पडण्याचा धोका वाढत जातो. डोळ्याचा पडदा 45 आणि दृष्टीची नस 50 ते 55 ग्रेच्या पुढे जास्त धोक्यात येते. मधुमेह किंवा बीपी असेल तर पडद्याचा धोका आणखी वाढतो, तेव्हा साखर आणि बीपी आत्ताच आटोक्यात आणायला घ्या. केमोही चालू असेल तर तेही सांगा.

माझ्या मते सगळ्यात मोलाचं काम म्हणजे उपचार सुरू होण्याआधी डोळ्यांची पूर्ण तपासणी. नंतर काही बिघडलं तर आधी काय होतं हे कळायला हवं ना! चष्म्याचा नंबर, डोळ्याचा दाब, बाहुली मोठी करून पडद्याची तपासणी, पडद्याचा ओसीटी स्कॅन (प्रकाशाने घेतलेलं पडद्याच्या थरांचं चित्र), नसेला धोका असेल तर दृष्टिक्षेत्राची चाचणी. अश्रू मोजायला खालच्या पापणीत कागदाची बारीक पट्टी अडकवून 5 मिनिटं ठेवतात आणि ती किती मिलिमीटर भिजली ते बघतात. पट्टी टोचते, पण तेवढं सोसायचं. बाहुली मोठी करायच्या थेंबांनंतर काही तास धूसर दिसतं, म्हणून गाडी चालवत जाऊ नका, कुणाला तरी सोबत न्या.

पिशवीत प्रिझर्व्हेटिव्ह नसलेले कृत्रिम अश्रूंचे थेंब, रात्रीसाठी मलम आणि गॉगल ठेवा. मलमाने धूसर दिसतं, ते झोपतानाच लावायचं. सेशनच्या आधी काही लावलेलं चालेल का, हे तिथल्या टेक्निशियनला विचारून घ्या. कॉन्टॅक्ट लेन्स आणि डोळ्यांचा मेकअप बंद. घरात उरलेले स्टेरॉइडचे थेंब लाली दिसली म्हणून स्वतःच घालू नका. त्यांनी डोळ्याचा दाब वाढू शकतो. रेडिएशनने पापण्यांचे केस गळू शकतात, कधी डोळ्यातून सतत पाणीही वाहतं. कोरडेपणा आणि पाणी दोन्ही एकाच वेळी असू शकतात, गोंधळून जाऊ नका.

डोकं हलू नये म्हणून चेहऱ्याच्या मापाचा घट्ट मास्क लावतात. कोंडल्यासारखं होत असेल तर आधीच सांगा. मशीन चालू असताना मिटल्या डोळ्यांपुढे निळसर प्रकाश चमकल्याचं काही जण सांगतात. किरणांमुळे डोळ्यातच क्षणभर प्रकाश तयार होतो, दुखत मात्र नाही. तरी डॉक्टरांच्या कानावर घाला.

मग येतो तो भाग जो लोक हमखास विसरतात. लाली, कोरडेपणा उपचार चालू असताना किंवा लगेच होतो. पडद्याचा आणि नसेचा त्रास मात्र कित्येक महिन्यांनी, बहुधा पहिल्या तीन वर्षांत डोकं वर काढतो, आणि सुरुवातीला दुखत नाही. म्हणून डोळ्याच्या डॉक्टरांच्या पुढच्या तारखा आत्ताच ठरवून घ्या. घरी अधूनमधून एकेक डोळा झाकून रेघांच्या कागदाकडे बघा, रेघा वाकड्या दिसतात का, रंग फिके वाटतात का. मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं, पडद्यासाठी इंजेक्शन आणि लेझर असतं. नसेवर खात्रीचा इलाज नाही, म्हणूनच डोसचा प्रश्न आधी विचारायचा.

एकदम दिसेनासं होणं, डोळ्यापुढे पडदा आल्यासारखं वाटणं, लाल डोळा दुखणं किंवा उजेड सहन न होणं, यापैकी काहीही झालं तर पुढच्या तारखेची वाट न बघता त्याच दिवशी डोळ्याच्या डॉक्टरांना गाठा. जाताना रेडिएशनचा डोस लिहिलेला कागद न्या. तो संपूर्ण उपचाराचा सारांश शेवटच्या सेशननंतर मागून घ्यावा लागतो.