पुण्याचं आयसर की कलिन्याचं सीईबीएस?

अकरावी-बारावीला फिजिक्स शिकवते, त्यामुळे निकाल लागले की हा प्रश्न माझ्याकडे येतोच. आयएटी या प्रवेश परीक्षेतून पुण्याच्या आयसर या विज्ञान शिक्षण-संशोधन संस्थेत नंबर लागलाय, नेस्ट या दुसऱ्या परीक्षेतून मुंबईच्या सीईबीएस या मूलभूत विज्ञानाच्या केंद्रातही. जायचं कुठे?

रँकिंगचे तक्ते आधी बाजूला ठेव. वर्षांचा हिशेबही नको: आयसरचं बीएस-एमएस (पदवी आणि मास्टर्स एकत्र) पाच वर्षांचं, सीईबीएसची इंटिग्रेटेड एमएस्सीही पाचच वर्षांची.

खरा प्रश्न, तुझा विषय पक्का झालाय का? फिजिक्स आवडतं, पण बायोलॉजीही सोडवत नाही, असं असेल तर माझं मत आयसर. तिथे सुरुवातीला सगळी विज्ञानं शिकावी लागतात आणि पुढेही दोन विषयांचे कोर्स एकत्र घेता येतात. पाचवं वर्ष संशोधनाचं. फिजिक्सच करायचंय आणि अणुऊर्जा खात्यात जायची ओढ आहे? मग सीईबीएस. ते मुंबई विद्यापीठ आणि अणुऊर्जा खात्याचं मिळून आहे. टीआयएफआर (टाटा मूलभूत संशोधन संस्था) आणि बीएआरसी (भाभा अणुसंशोधन केंद्र) इथले शास्त्रज्ञ शिकवायला येतात. ठरलेला सीजीपीए, म्हणजे सगळ्या सत्रांची मिळून सरासरी श्रेणी, राखला, तर बीएआरसीच्या ट्रेनिंग स्कूलच्या थेट मुलाखतीला बसता येतं. वर्गही लहान, त्यामुळे शिक्षक नावानिशी ओळखतात.

तरीही ठरत नसेल तर वही घे. दोन्हीकडचं फॅकल्टीचं पान उघड आणि आपल्या विषयातल्या प्रत्येकाचं काम एका ओळीत लिही. सगळं कळणार नाही, कळायची गरजही नाही. जिथे ‘हे काय असतं?’ असं कुतूहल वाटेल, तिथे खूण कर. सीईबीएससाठी बाहेरून शिकवायला येणाऱ्यांची नावंही धर, नाहीतर तुलना चुकेल. खुणा कुठे जास्त पडल्या, ते बघ.

मग दोन्हीकडच्या तिसऱ्या वर्षाच्या एकेकाला फोन कर. ‘कॉलेज कसं आहे?’ विचारलंस तर ‘छान आहे’ एवढंच ऐकू येईल. विचार: गेल्या उन्हाळ्यात कुणाकडे काम केलं? ते कसं मिळालं? एखादा कोर्स जड गेला तर मदत कोण करतं?

‘पुण्यात मामा आहे’ हे कारण मुलींच्या घरी फार ऐकते. मामाचं घर बघून पाच वर्षांचं शिक्षण ठरवू नका, असं मी पालकांना स्पष्ट सांगते.

फी, हॉस्टेल, मेस यांची बेरीज घरच्यांसोबत बसून कर. आणि एका जागेचे पैसे भरण्याआधी, ती सोडली तर कोणत्या तारखेपर्यंत किती परत मिळतात, तो नियम वाचून घे.