रोल कपाटावर ठेवा: क्लिंग फिल्म आणि फॉइलशिवाय अन्न कसं झाकावं

पर्याय विकत आणायला निघण्याआधी एक काम करा. क्लिंग फिल्म (अन्नावर ताणून लावायचं पारदर्शक प्लास्टिक) आणि फॉइलचे रोल स्टूल घेतल्याशिवाय हात पोचणार नाही अशा जागी ठेवा. मग आठवडाभर, जेव्हा जेव्हा त्यांची आठवण होईल, तेव्हा ती कशासाठी झाली ते कागदावर टिपून ठेवा. माझ्या कागदावर निम्म्याहून जास्त नोंदी एकच होत्या: ‘वाडगं झाकायला’.

वाडगं झाकायला ताटली पुरते. फ्रिजमध्ये त्या ताटलीवर दुसरं वाडगं चढवता येतं, ते फिल्मवर जमत नाही. ताटली धातूची नसेल तर मायक्रोवेव्हमध्येही तीच चालते, फक्त वाफेला थोडी फट ठेवा. मळलेली कणीक किंवा पावाचं पीठ झाकायला ओलं करून घट्ट पिळलेलं सुती फडकं घ्या. कोरड्या फडक्याखाली पिठावर पापुद्रा धरतो.

पातळ पदार्थांना झाकणाची काचेची बरणी. फ्रीझरमध्ये ठेवायची असेल तर सरळ भिंतींची निवडा आणि वर दोन-तीन सेंटीमीटर जागा सोडा. पाणी गोठताना साधारण 9 टक्के फुगतं. गळ्याशी निमुळत्या, काठोकाठ भरलेल्या बरणीला मग तडकण्याशिवाय गत्यंतर नसतं. आणि गरम बरणी थेट फ्रीझरमध्ये नको.

ओव्हनमध्ये फॉइलऐवजी भांड्याचं स्वतःचं झाकण, नाहीतर उपडा ट्रे. फॉइल लागलीच, तर आंबट पदार्थाला टेकू देऊ नका, आम्लाने तिला बारीक भोकं पडतात. वापरून झाल्यावर ती धुवा, साठवा आणि मोठा गोळा करूनच पुनर्वापराला द्या, कारण सुटे तुकडे वर्गीकरणाच्या यंत्रात निसटून जातात. जुन्या अ‍ॅल्युमिनियमपासून नवं करायला खनिजापासून करण्याच्या तुलनेत साधारण 5 टक्केच ऊर्जा लागते, म्हणून एवढा खटाटोप.

ताणून बसणारी सिलिकॉनची झाकणं चांगली असतात, पण सिलिकॉन कुजत नाही. अख्खा संच न घेता तुमच्या नेहमीच्या वाडग्याचा व्यास मोजून एकच आणा.

एवढं करून उरतं ते गुंडाळायचं काम: अर्धा पाव, चीजचा तुकडा, चिरलेला कांदा, कापलेलं फळ. त्यासाठी मेणाचं कापड. हे घरी करता येतं, आणि पहिलं हमखास बिघडतं. मी फक्त मधमाश्यांचं मेण वापरलं होतं. दुसऱ्याच दिवशी घडीवर भिंतीच्या रंगासारखे पोपडे निघाले. नुसतं मेण ठिसूळ असतं. त्याला लवचिकपणा तेलाने येतो आणि चिकटपणा राळेने.

1. पातळ पण घट्ट विणीचं सुती कापड घ्या. जुना शर्ट उत्तम. धुऊन पूर्ण वाळवा. वाडग्याच्या तोंडापेक्षा चारी बाजूंनी 5 सेंटीमीटर जास्त कापा.

2. साधारण 30 सेंटीमीटर चौकोनाला 15 ग्रॅम मेण धरा. त्यात मेणाच्या एक तृतीयांश खाद्य दर्जाची राळ आणि अर्धा चमचा जोजोबा तेल. खोबरेल चालतं, पण कालांतराने खवट होतं.

3. हे सगळं एका डब्यात घालून तो डबा उकळत्या पाण्याच्या पातेल्यात ठेवा आणि वितळवा. थेट आचेवर मुळीच नको, मेण पेट घेतं. राळ विरघळायला वेळ लावते, ढवळत राहा. तो डबा पुन्हा स्वयंपाकाला मिळणार नाही, हे आधीच मान्य करून टाका.

4. कापडाखाली बेकिंग पेपर पसरा, ब्रशने पातळ थर द्या, वर दुसरा बेकिंग पेपर ठेवून वाफ बंद केलेली मध्यम गरम इस्त्री फिरवा. मेण शिरलं की कापड भिजल्यासारखं गडद दिसतं. फिकट डाग राहिले तिथे आणखी मेण, जास्त झालं तर दुसरं कोरं कापड वर ठेवून पुन्हा इस्त्री. दुसरं कापड आपोआप अर्धं तयार होतं!

5. दोन कोपरे धरून हवेत झुलवा. मिनिटभरात ते ताठ होतं. मेणाचा वास काही दिवसांत कमी होतो.

वापरताना काठावर तळहात दाबून धरा. हाताच्या उबेने मेण नरम होऊन घडी बसते. मधमाश्यांचं मेण 62 ते 65 अंश सेल्सिअसला वितळतं, त्यामुळे गरम पदार्थावर हे कापड घालू नका. मी एकदा वाफाळत्या सूपवर घातलं आणि वाडग्याचा काठ दोन दिवस खरवडत बसलो. धुतानाही गार पाणी आणि सौम्य साबण. गरम पाण्याने नीट धुता येत नाही, म्हणूनच कच्चं मांस आणि मासे यात गुंडाळायचे नाहीत. त्यांना झाकणाचा डबाच हवा.

हे कापड हवाबंद नसतं. पाव आणि चीजला तेच मानवतं, पण कापलेलं फळ एखाद्या दिवसात संपवा.

वर्षभर नियमित वापरल्यावर चिकटपणा जातो, घड्यांवर पांढऱ्या रेघा उठतात. बेकिंग पेपरमध्ये ठेवून पुन्हा इस्त्री केली, चिमूटभर मेण टाकलं, की आणखी काही महिने निघतात. त्यानंतर बारीक पट्ट्या कापून कंपोस्टमध्ये टाका, अर्थात कापड निव्वळ सुती असेल तरच. नाहीतर शेकोटी पेटवायला ठेवा, मेणामुळे त्या झटकन धरतात.