बोटीवर ऑडिओचं काम करायचंय? मग आधी निगेटिव्ह शोधा

बोटीवरून स्टिरिओची तक्रार आली, तरी दोष बहुतेक वेळा स्टिरिओत नसतो. ‘आवाज वाढवला की बंद पडतो’, ‘इंजिन चालू केलं की शिट्टी वाजते’, ‘मागच्या सीझनला ठीक होता, आता एकच बाजू वाजते’ या तीन तक्रारी तुम्हाला कायम ऐकायला मिळतील. तिन्हींचं कारण बहुधा तारेत, जोडात नाहीतर बॅटरीच्या टोकाशी सापडतं. मालकाने तोवर नवा स्टिरिओ मागवलेला असतो, तो भाग वेगळा.

मी या कामात कार ऑडिओकडून आलो. बरेच जण तिकडूनच येतात, काही आयटीआयचा इलेक्ट्रिशियन किंवा वायरमन ट्रेड करून येतात. कार ऑडिओवाल्याला सगळ्यात आधी विसरावी लागते ती चासी. गाडीचा पत्रा हाच निगेटिव्ह असतो. कुठेही बोल्ट खरवडून अर्थिंग घेतलं की काम झालं. फायबरच्या बोटीत असा पत्राच नाही. प्रत्येक उपकरणाची निगेटिव्ह तार परत निगेटिव्ह बसबारपर्यंत, म्हणजे सगळ्या निगेटिव्ह तारा एकत्र येतात त्या धातूच्या पट्टीपर्यंत, न्यावी लागते. इंजिनाच्या जवळच्या बोल्टवर ती अडकवून देणं सोपं असतं, म्हणून बरेच जण तेच करतात, आणि पुढे शिट्टीची तक्रार तिथूनच सुरू होते. अॅल्युमिनियमच्या बोटीत तर हे मुळीच करू नये. खाऱ्या पाण्यात उभ्या असलेल्या बोटीच्या अंगातून करंट फिरू लागला, तर तो धातूच खातो.

दुसरा सापळा रंगांचा. कार स्टिरिओच्या हार्नेसमध्ये पिवळी तार म्हणजे कायमचा पॉझिटिव्ह, लाल म्हणजे स्विचवरून येणारा, काळी निगेटिव्ह. अमेरिकन बोट अँड यॉट कौन्सिलच्या, म्हणजे एबीवायसीच्या नियमांनुसार बांधलेल्या बोटीत मात्र पिवळी तार निगेटिव्ह असू शकते. कारण त्यांच्याकडे एसीच्या वायरिंगमध्ये काळी तार फेजची असते आणि घोटाळा टाळण्यासाठी डीसी निगेटिव्हला पिवळा रंग सुचवलेला आहे. पिवळीला पिवळी जोडली तर काय होईल हे सांगायला नको. आपल्याकडे अमेरिकेतून आलेल्या, युरोपातून आलेल्या, गोव्यात बांधलेल्या आणि चार जणांनी चार वेळा दुरुस्त केलेल्या बोटी एकाच धक्क्याला असतात. रंगावर विश्वास ठेवू नका. मीटर लावा.

आता तार. मुंबईच्या लोहार चाळीत मिळणारी घरगुती वायरिंगची तार उत्तम तांब्याची असते, पण ते तांबं उघडं असतं. खारी हवा टोकातून आत शिरते आणि आवरणाखाली दूरपर्यंत जाते. सहा इंच मागे सोलून पाहिलं तरी आत काळं पडलेलं निघतं आणि कापत जावं लागतं. म्हणून बोटीत प्रत्येक तांब्याच्या धाग्यावर कथिलाचा मुलामा असलेली, म्हणजे टिन्ड, बारीक धाग्यांची लवचीक तार वापरतात. महाग पडते, मालक कुरकुर करतो, तरी यात तडजोड करू नका. पीळ देऊन टेप गुंडाळलेला जोड एका पावसाळ्यात संपतो. रॅचेट क्रिम्परने तारेच्या टोकावर दाबलेला लग (धातूचं टोक) आणि त्यावर आतून गोंद असलेली, तापवली की आवळणारी हीटश्रिंक नळी, एवढंच टिकतं. नुसतं सोल्डरिंग नको, कारण सोल्डर संपतं तिथे तार कडक होते आणि इंजिनाच्या थरथरीने नेमकी तिथेच तुटते.

तारेच्या जाडीचं गणित डोक्यात पक्कं बसलं पाहिजे. समजा अॅम्प्लिफायर ४० अँपिअर ओढतो आणि बॅटरीपासून ६ मीटरवर आहे. तार जाणार ६ आणि येणार ६, म्हणजे १२ मीटर. २.५ चौरस मिलिमीटरची तार घातली तर जवळजवळ पावणेचार व्होल्ट तारेतच जातात. १६ ची घातली तर साधारण ०.६, आणि २५ ची घातली तर ०.४ च्या आत. बारा व्होल्टमधून पावणेचार गेले तर अॅम्प्लिफायर चालणार कसा? तो प्रोटेक्टमध्ये जातो, म्हणजे स्वतःला वाचवायला बंद पडतो. ग्राहक म्हणतो, अॅम्प खराब आहे.

‘आवाज वाढवला की बंद पडतो’ ही तक्रार आली की गाणं चालू ठेवूनच मोजा. बंद बोटीवर मीटर १२.६ दाखवतो आणि सगळं छान वाटतं. बेस असलेलं गाणं लावा, आवाज चढवा, बॅटरीच्या टोकांवर व्होल्टेज बघा आणि लगेच अॅम्पच्या टर्मिनलवर बघा. बॅटरीवर १२.४ आणि अॅम्पवर ११ असेल तर १.४ व्होल्ट वाटेत हरवले. आता ते कोणत्या बाजूला हरवले हे शोधायचं. मीटरचं एक टोक बॅटरीच्या पॉझिटिव्हवर, दुसरं अॅम्पच्या पॉझिटिव्हवर धरा; गाणं चालू असताना जे व्होल्ट दिसतील ते त्या बाजूचं नुकसान. मग तसंच निगेटिव्हवर. एका बाजूला ०.२ आणि दुसऱ्या बाजूला १.२ आलं, की एक एक जोड ओलांडत पुढे जा. ज्या जोडाच्या अलीकडे-पलीकडे आकडा उडी मारतो, तो उघडा. माझा अनुभव असा की तो निगेटिव्हचाच निघतो, कारण पॉझिटिव्हकडे लोक फ्यूज बदलताना तरी बघतात, निगेटिव्ह बसबार बिल्जच्या, म्हणजे बोटीच्या तळाच्या, कोपऱ्यात वर्षानुवर्षं कुणी पाहिलेला नसतो.

डीसी करंट मोजणारा क्लॅम्प मीटर घ्या. बाजारातले बरेच स्वस्त क्लॅम्प मीटर फक्त एसी मोजतात, खोक्यावर नीट वाचून घ्या.

फ्यूज बॅटरीपासून साधारण सात इंचांच्या आत असावा, असं एबीवायसीचं मोजमाप आहे. तार स्वतंत्र आवरणातून नेली असेल तर त्यात थोडी सूट मिळते. तो फ्यूज तार वाचवण्यासाठी असतो. त्याचा आकडा तारेच्या क्षमतेवरून ठरतो, अॅम्पच्या खोक्यावर छापलेल्या वॅटवरून नाही. पेट्रोल इंजिनाच्या किंवा पेट्रोलच्या टाकीच्या कप्प्यात अॅम्प, रिले, स्विच यांतलं काहीही बसवू नका. तिथे ठिणगी बाहेर पडू न देणारी, इग्निशन प्रोटेक्टेड अशी मान्यता असलेलीच उपकरणं चालतात, आणि ऑडिओच्या मालावर ती मान्यता क्वचितच असते.

शिट्टीचं निदान वजाबाकीने होतं. इंजिनाच्या वेगाबरोबर स्वर चढत-उतरत असेल तर ती अल्टरनेटरची. स्टिरिओकडून अॅम्पकडे सिग्नल आणणाऱ्या आरसीए तारा अॅम्पमधून काढा. शिट्टी राहिली तर अॅम्पचा पुरवठा तपासा. गेली तर दोष अलीकडे, स्टिरिओ किंवा आरसीएच्या वाटेवर. स्टिरिओ आणि अॅम्प वेगवेगळ्या ठिकाणी निगेटिव्हला जोडले असतील तर दोघांना एकाच बसबारवर आणा. बऱ्याचदा तेवढ्यानेच मिटतं. आणि हो, आधी मोबाइल बघा. फोन यूएसबीवर चार्जिंगला आणि ऑक्सच्या तारेने स्टिरिओला जोडलेला असेल तर तिथेच लूप तयार होतो. चार्जर काढला, ब्लूटूथ लावलं आणि शिट्टी गेली, तर पॅनल उघडायची गरजच नाही. या कामाचेही पैसे घ्या.

उलट तक्रार जास्त गंभीर असते. तांडेल, म्हणजे बोट चालवणारा, म्हणतो, “गाणी लावली की वायरलेस मुका होतो.” ही थट्टा समजू नका. डी-क्लास अॅम्प, स्वस्त यूएसबी सॉकेट आणि स्पीकरभोवतीच्या रंगीत एलईडी रिंगा व्हीएचएफमध्ये, म्हणजे बोटीच्या वायरलेसमध्ये, गोंगाट घालतात. एलईडी दिव्यांमुळे व्हीएचएफ रेडिओ नीट ऐकू येत नाही, असा इशारा अमेरिकेच्या तटरक्षक दलाने २०१८ साली दिला होता. तपासणी सोपी आहे: शांत चॅनल लावा, स्क्वेल्च (खरखर दाबणारं बटण) असा ठेवा की खरखर जेमतेम बंद होईल, मग ऑडिओ आणि दिवे एक एक करून चालू करा. ज्याने खरखर उघडली तो गुन्हेगार. तारेवर चढवायचे फेराइटचे तुकडे, अँटेनाच्या तारेपासून अंतर, नाहीतर ते उपकरण काढणं, हे उपाय. १६ नंबरच्या, म्हणजे संकटात हाक मारायच्या, चॅनलवर बोटीचा जीव असतो, गाण्यावर नाही. स्पीकर बसवण्याआधी तो होकायंत्राजवळ नेऊन सुई हलते का तेही बघा. डॅशबोर्डवर जागा दिसली म्हणून तिथे स्पीकर ठोकणारे मी बरेच पाहिलेत.

इंजिन स्टार्टची बॅटरी आणि ऑडिओची बॅटरी वेगळी असलीच पाहिजे. मांडव्याच्या बाहेर नांगर टाकून दोन तास गाणी वाजवली आणि मग सेल्फ फिरला नाही, तर तुमचं सुंदर वायरिंग कुणाला आठवणार नाही. दोन्हींच्या मध्ये व्होल्टेज सेन्सिटिव्ह रिले (व्होल्टेज बघून बॅटऱ्या जोडणारा-तोडणारा) बसवला की चार्जिंग आपोआप वाटलं जातं. बिल्ज पंपाच्या तारेवर मात्र ऑडिओचं काहीही चढवू नका.

स्पीकरबद्दल फार सांगण्यासारखं नाही. चार ओहमचे दोन समांतर जोडले की दोन ओहम होतात. अॅम्पला ते झेपतं का ते बघा. चार ओहमचा चांगला स्पीकर मीटरवर साडेतीनच्या आसपास दिसतो. दीड व्होल्टच्या सेलचा क्षणभर स्पर्श केला की ‘टक’ आवाज येतो. आला नाही तर कॉइल गेली.

कामाच्या परिस्थितीची कल्पना आधीच असू द्या. गेटवेसमोर मूरिंगवर, म्हणजे पाण्यातच बांधून, उभ्या असलेल्या बोटीवर छोट्या होडीने जावं लागतं. तिथे हार्डवेअरचं दुकान नाही आणि हातातून निसटलेला स्क्रू परत येत नाही, म्हणून प्रत्येक लग, फ्यूज, स्क्रू जास्तीचा न्या, स्क्रू ३१६ ग्रेड स्टेनलेसचेच. मे महिन्यात डेकखाली दहा मिनिटं बसलं की अंगातून धारा लागतात. पोहता येत नसेल तर आधी ते शिका आणि लाइफ जॅकेट घाला, कुणी हसलं तरी.

मोठी कामं पावसाळ्यात मिळतात. त्या महिन्यांत गेटवे-मांडवा लाँचसेवा बंद असते, हौशी बोटी किनाऱ्यावर ओढून झाकलेल्या असतात आणि मालकाला घाई नसते. बऱ्याच नव्या स्टिरिओंना एनएमईए २०००, म्हणजे बोटीवरची उपकरणं एकमेकांशी बोलतात ते नेटवर्क, जोडलेलं असतं, तेही याच वेळात शिकून घ्या. सगळं बंद करून दोन सिग्नल तारांमध्ये ६० ओहम दिसले म्हणजे दोन्ही टर्मिनेटर (नेटवर्कच्या दोन टोकांचे रेझिस्टर) जागेवर आहेत, १२० दिसले तर एक गायब. दुबईकडे जायचा विचार असेल तर एनएमईए किंवा एबीवायसीचं प्रमाणपत्र विचारात घ्या.

काम संपलं की कोणती तार कुठून कुठे गेली, कोणता फ्यूज किती अँपिअरचा, याचा हाताने काढलेला नकाशा प्लास्टिकच्या पिशवीत घालून पॅनलच्या दाराला आतून चिकटवा आणि त्याचा फोटो स्वतःकडे ठेवा. पुढच्या वेळी फोन आला, तर होडीचं भाडं भरण्याआधी अर्धं निदान घरबसल्या होतं. ते भाडं अंदाजपत्रकात वेगळं लिहा, मजुरीत मिसळू नका.