जुन्या पिकअपचे पाटे आणि शॉकअप बदलताना

रावेर-यावल पट्ट्यात केळीची वाहतूक करून निवृत्त झालेली जीप पद्धतीची जुनी पिकअप हाती आली, तर सर्वप्रथम तिच्या प्रत्येक चाकावरील पाटे, म्हणजे एकावर एक रचलेल्या स्प्रिंगच्या पोलादी पट्ट्या, मोजावेत. जास्त माल बसावा म्हणून मागे एक-दोन पाटे वाढवून घेण्याची पद्धत आपल्याकडे जुनी आहे आणि अशी गाडी रिकामी धावू लागली की ती बैलगाडीसारखी आदळते. मग मालक शॉकअप (शॉक ॲब्सॉर्बर) बदलतो, आणि गाडी तशीच आदळत राहते. वजन पेलण्याचे काम पाट्यांचे असते. शॉकअप फक्त पाट्यांची उसळी शमवतो. म्हणून आधी पाट्यांचा निकाल लावावा आणि नवे शॉकअप त्यानंतरच घ्यावेत.

काम फरशीवर करावे. काळ्या मातीच्या अंगणात करणे भाग असेल, तर जॅकखाली आणि घोड्यांखाली (गाडी टेकवायच्या लोखंडी स्टँडखाली) जाड, रुंद फळ्या घालाव्यात, कारण वरून कडक दिसणारी ही जमीन वजन पडताच एका बाजूने खचू शकते. आदल्या संध्याकाळी सर्व आट्यांवर गंज सोडवणारे तेल मारून ठेवावे. या गाड्यांचे नट-बोल्ट बहुधा इंची मापाचे असतात: 9/16 च्या नटावर 14 चा पाना बसत नाही आणि 15 चा लावल्यास नटाचे कोपरे झिजतात, म्हणून इंची पान्यांचा संच आधीच मिळवावा. विलीस जीपच्या घराण्यातील काही जुन्या शॅकलना (पाट्याचे टोक चेसिसला जोडणाऱ्या कड्यांना) एका बाजूस उलटे आटे असतात; तेथे जोर लावण्यापूर्वी आट्यांची दिशा नीट पाहावी.

चाकांना ओंडके लावून, गाडी जमिनीवर असतानाच चाकांचे नट थोडे सैल करावेत. नंतर गाडी उचलून चेसिसखाली घोड्या लावाव्यात आणि ॲक्सलला (दोन चाके जोडणाऱ्या आडव्या दांड्याला) वेगळ्या जॅकचा आधार द्यावा. नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली कधीही शिरू नये. एका वेळी एकच बाजू उघडावी, म्हणजे दुसरी बाजू ॲक्सलला जागेवर धरून ठेवते. शॉकअप सोडवून पाटे ॲक्सलला आवळून धरणारे यू-बोल्ट काढावेत आणि ॲक्सल हळूहळू खाली घ्यावा. मात्र त्याचे वजन ब्रेकच्या रबरी नळीवर येता कामा नये. पाटे आणि ॲक्सल यांच्यामध्ये पाचर असेल, तर तिची जाड बाजू कोणीकडे होती याची खडूने खूण करावी. पुढच्या ॲक्सलची पाचर उलटी बसली, तर स्टेअरिंगचा स्वभावच बदलतो.

गंजलेला यू-बोल्ट गॅसने कापण्याचा मोह होतो, पण ती आच पाट्याला लागली तर त्याचे पाणी (पोलादाचा कडकपणा) उतरते आणि तो त्याच जागी मोडतो. करवतीला वेळ लागतो, तो लागू द्यावा. ताणलेले जुने यू-बोल्ट पुन्हा वापरू नयेत. पाट्यांचा संच खोलायचा असल्यास सर्व पाटे मधोमध एकत्र धरणारा सेंटर बोल्ट सोडण्यापूर्वी संच मजबूत शिकंज्यात आवळावा, कारण दाबलेले पाटे सुटले की हात वाचत नाही. प्रत्येक पाट्यावरचा गंज घासून काढावा आणि तडा शोधावा. तडा बहुधा सेंटर बोल्टच्या छिद्रापाशी सापडतो. मोडलेल्या पाट्याला वेल्डिंग चालत नाही. पाटे नेहमी जोडीने बदलावेत, अन्यथा गाडी एका अंगाला कलते.

नवा संच बसवताना सेंटर बोल्टचे डोके ॲक्सलच्या खाचेत पूर्ण बसल्याची खात्री करावी आणि यू-बोल्टचे चारही नट समोरासमोर, थोडे थोडे आवळावेत. पाट्यांच्या टोकांत रबरी बुश (नळीसारखे अस्तर) असतील तर त्यांतून जाणाऱ्या पिना आत्ता हातानेच लावाव्यात. चाके जमिनीवर टेकवून आणि गाडी हलवून वजन बसल्यावरच त्या पक्क्या कराव्यात, कारण चाके लटकत असताना आवळलेले रबर पिळलेल्या अवस्थेत राहते आणि लवकर फाटते. येथेच बहुतेक गॅरेजांत घाई होते.

शॉकअप निवडताना ॲक्सल पूर्ण लटकलेला आणि बंप-रबरापर्यंत (ॲक्सल वर आदळू नये म्हणून चेसिसला लावलेल्या रबरापर्यंत) दबलेला असताना दोन्ही टोकांमधील अंतर मोजावे. शॉकअपची लांबी या दोन्ही मापांना पुरली पाहिजे. गॅस नसलेला साधा शॉकअप बसवण्यापूर्वी उभा धरून चार-पाच वेळा पूर्ण ओढावा आणि दाबावा, म्हणजे आतील हवा निघून जाते.

पहिल्या 100 किलोमीटरनंतर आणि पुन्हा 500 किलोमीटरनंतर यू-बोल्ट तपासावेत. पुढची बाजू उघडली असेल तर चाकांचे अलाइनमेंटही करून घ्यावे, आणि ते झाल्याखेरीज कन्नडच्या घाटात गाडी घालू नये.