स्मिथसोनियन चॅनल बघायचंय? आधी केबलचं बिल काढा

वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन या संग्रहालयं चालवणाऱ्या संस्थेच्या नावाचं हे माहितीपटांचं चॅनल 2007 मध्ये सुरू झालं. संग्रहालयाचं नाव असलं तरी ते चालवते पॅरामाउंट कंपनी, त्यामुळे संग्रहालयाच्या सभासदत्वावर चॅनल मिळेल असं समजू नका. अमेरिकेत राहत असाल तर आधी आपल्या केबल किंवा डिशच्या पॅकेजची यादी नीट वाचा. बरेचदा चॅनल त्यात आधीच असतं, आणि आपण उगाच वेगळे पैसे भरायला निघतो! नसेल तर पॅरामाउंट प्लस या त्याच कंपनीच्या पैसे भरून बघायच्या ऑनलाइन सेवेवर शोधा.

भारतातून बघणाऱ्यांना सोपं म्हणजे चॅनलचं यूट्यूब पान. तिथले छोटे तुकडे फुकट दिसतात. विमानांचे आणि प्राण्यांचे तर आवर्जून बघा. इंग्रजी भरभर वाटलं तर सबटायटल लावा.