पॉइंट टू टूचं नवीन काडतूस तपासताना या चुका टाळा

पॉइंट टू टूच्या, म्हणजे .२२ इंच नळीच्या छोट्या रायफलीच्या, काडतुसांचा नवीन डबा हाती आला, तीन गोळ्या मारल्या, तिन्ही भोकं रुपयाच्या नाण्याखाली झाकली गेली की काडतूस "एक नंबर". झाकली नाहीत की "बोगस". विदर्भातल्या कुठल्याही रेंजवर रविवारी सकाळी तासभर उभं राहिलं तर हा निकाल दोन-चार वेळा कानावर पडतो. बहुतेक वेळा तो काडतुसाचा निकाल नसतोच. कधी नळीतल्या जुन्या मेणाचा असतो, कधी ढिल्या स्क्रूचा, आणि पुष्कळदा मारणाऱ्याच्या घाईचा.

आधी एक गोष्ट मिटवून टाकू. परदेशी डब्यांवर ससा नाहीतर खार छापलेली असते, कारण तिकडे ही काडतुसं छोट्या शिकारीसाठीही विकली जातात. ते चित्र आपल्यासाठी नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार धुऱ्यावरचा ससा असो की तुरीतला तितर, त्याच्यावर नेम धरणं हा गुन्हा आहे. शस्त्र कायद्याचं तेरावं कलमसुद्धा पॉइंट टू टू रायफलीचा उल्लेख रायफल क्लबच्या सभासदाच्या निशाणेबाजीच्या सरावासाठीच करतं, आणि पीक राखणीसाठी नाव घेतं ते ठासणीच्या बंदुकीचं. "रानडुकराला चालते का?" असं विचारणारे दर हंगामात भेटतात. अडीच ग्रॅमच्या शिशाने रानडुक्कर किंवा रोही जागेवर पडत नाही, जखमी होऊन पऱ्हाटीत शिरतो, आणि मारणारा थेट खटल्यात शिरतो. पिकाचं नुकसान झालं असेल तर वन विभागाकडे भरपाईचा अर्ज करा. इथून पुढे बोलायचं आहे ते कागदी टार्गेटबद्दल.

तीन गोळ्यांवर निकाल

ही सगळ्यात जुनी चूक, आणि सगळ्यात महागाची. पॉइंट टू टूची गोळी बहुधा उघड्या शिशाची असते आणि तिला बाहेरून मेण किंवा ग्रीससारखं वंगण लावलेलं असतं. प्रत्येक कंपनीचं वंगण वेगळं. तुम्ही वर्षभर एका कंपनीची काडतुसं मारली म्हणजे नळीच्या आत त्या वंगणाचा पातळ थर बसलेला असतो. आता दुसऱ्या कंपनीची गोळी आत गेली की जुना थर निघून नवा बसेपर्यंत गोळ्या इकडेतिकडे जाणारच. त्यासाठी दहा ते वीस गोळ्या लागतात. तीन गोळ्या मारून काडतुसाला नावं ठेवणारा माणूस खरं तर आधीच्या कंपनीच्या मेणाला नावं ठेवत असतो.

एका होतकरू पोराचा किस्सा यात सगळं सांगून जातो. रायफल साधी स्पोर्टिंग, स्कोप (नेम धरायची दुर्बीण) नवीन, आणि सोबत चार कंपन्यांचे चार डबे. याने पहिल्या डब्यातल्या पाच मारल्या, भोकं डावीकडे गेली, स्कोप सहा क्लिक उजवीकडे. मग दुसऱ्या डब्यातल्या पाच. त्या खाली गेल्या, स्कोप वर. तिसऱ्या डब्यातल्या मारताना दोन उजवीकडे आणि तीन डावीकडे. मग परत पहिला डबा, कारण "तोच बरा होता". दीड तासात साठ काडतुसं संपली, टार्गेट चाळणीसारखं झालं, आणि शेवटी तो म्हणाला, "भाऊ, हे काडतूसच बेकार निंघालं." शेजारच्या जुन्या नेमबाजाने काही न बोलता स्कोप दोन बोटांत धरला आणि हलवला. पुढची रिंग टकटक वाजली. चारही डबे निर्दोष होते. पण परवान्यावरच्या मोजक्या काडतुसांतली साठ गेली ती गेलीच, आणि कोणतं काडतूस त्या रायफलीला मानवतं हे त्या दिवशी कोणालाच कळलं नाही.

म्हणून क्रम असा ठेवा. घरून निघण्यापूर्वी तीन ठिकाणचे स्क्रू तपासा: स्कोपच्या रिंगा, रिंगांखालचा माऊंट, आणि लाकडी दस्त्याला नळी आणि बोल्टचा (काडतूस आत ढकलून मागून बंद करणाऱ्या खिळीचा) सांगाडा धरून ठेवणारे खालचे स्क्रू. विदर्भात पावसाळ्यात लाकूड फुगतं आणि उन्हाळ्यात आकसतं, त्यामुळे खालचे स्क्रू सैल होतात. ते वर्षातून दोनदा तरी बघावे लागतात. स्क्रू कसला की त्याच्या डोक्यावरून शेजारच्या धातूवर नेलपॉलिशची बारीक रेघ ओढायची. रेघ तुटलेली दिसली की स्क्रू फिरला, एवढं साधं.

मग रेंजवर. नळीतून मागच्या बाजूने, म्हणजे काडतूस बसतं त्या चेंबरकडून, दोन-तीन कोरड्या कापडी पट्ट्या फिरवा. ब्रशने खरवडू नका. नव्या डब्यातल्या पहिल्या पंधरा गोळ्या कोऱ्या कागदावर मारा आणि त्या कागदाकडे बघूसुद्धा नका. पुढच्या पंचवीस गोळ्या पन्नास मीटरवर, पाच-पाचच्या पाच ग्रुपमध्ये (एकाच नेमावर मारलेल्या गोळ्यांचा घोळका म्हणजे ग्रुप), प्रत्येक ग्रुप वेगळ्या टार्गेटवर. मध्ये स्कोपला हात लावायचा नाही. ग्रुप टार्गेटच्या मधल्या, दहा गुणांच्या रिंगबाहेर पडला तरी पडू द्या, आत्ता आपल्याला भोकांमधलं अंतर हवं आहे, जागा नको. प्रत्येक ग्रुपमधल्या सगळ्यात लांबच्या दोन भोकांच्या मध्यापासून मध्यापर्यंत मोजा आणि पाचही ग्रुपची सरासरी काढा. सगळ्यात चांगला ग्रुप खिशात घालून गावभर दाखवायची हौस असेल तर दाखवा, पण वहीत सरासरीच लिहा. पन्नास मीटरच्या आंतरराष्ट्रीय टार्गेटवर दहाची रिंग १०.४ मिलिमीटरची असते. साध्या स्पोर्टिंग रायफलीची सरासरी वीस मिलिमीटरच्या आत आली तर ते काडतूस ठेवण्यासारखं आहे.

डब्यात पन्नास असतात. पंधरा आणि पंचवीस मिळून चाळीस झाली. उरलेली दहा दुसऱ्या दिवशी थंड नळीतून मारायला ठेवा, कारण स्पर्धेत पहिली गोळी थंड नळीतूनच जाते. ही दहा त्याच दिवशी उडवून मोकळं होणारे अनेक दिसतात. घाई कुठली असते कोणास ठाऊक.

टेकू हा याच प्रकरणाचा भाग. वाळूची पिशवी दस्त्याच्या पुढच्या भागाखाली ठेवा, नळीखाली कधीच नाही. नळी टेकली की गोळी सुटतानाचं तिचं कंपन बदलतं आणि ग्रुप सरकतो. नदीची वाळू जड होते आणि कापडातून गळते. जुन्या जीन्सच्या पायात ज्वारी भरून शिवलेली पिशवी हलकी पडते आणि हवा तसा आकार घेते. फक्त ती घरात उघडी ठेवू नका, उंदीर आधी ग्रुप काढतील.

जास्त वेग म्हणजे जास्त अचूक, हा गैरसमज

डब्यावर "हाय व्हेलॉसिटी" वाचलं की नवशिक्याचे डोळे चमकतात. चाळीस ग्रेनची, म्हणजे सुमारे २.६ ग्रॅमची गोळी नेहमीच्या काडतुसात सेकंदाला साधारण ३२५ मीटर वेगाने निघते. हाय व्हेलॉसिटीत साधारण ३८० मीटरने. आवाजाचा वेग या दोहोंच्या मध्ये आहे, आणि सगळी गोम तिथेच आहे. जोरात निघालेली गोळी हवेत मंदावत जाते आणि वाटेत कुठेतरी आवाजाच्या वेगाखाली येते. तो टप्पा ओलांडताना ती डळमळते. नेहमीच्या वेगाची गोळी सुरुवातीपासूनच आवाजाखाली असते, तिला हा धक्का बसत नाही. स्पर्धेची काडतुसं बहुतेक याच वेगाची असतात ते उगीच नाही.

आपल्याकडे हे आणखी ठळक होतं. आवाजाचा वेग तापमानाबरोबर वाढतो. जानेवारीत पहाटे दहा अंशांत तो सेकंदाला सुमारे ३३७ मीटर असतो, मे महिन्यात पंचेचाळीस अंशांत सुमारे ३५८. म्हणजे तीच हाय व्हेलॉसिटी गोळी थंडीत साधारण पन्नास मीटरच्या आसपास तो टप्पा ओलांडते आणि चंद्रपूरच्या उन्हाळ्यात टार्गेटच्या बरीच अलीकडे. हिवाळ्यात तपासलेलं काडतूस उन्हाळ्यात बिघडल्यासारखं वाटतं, त्यामागे हेही एक कारण आहे. नवीन काडतूस ज्या ऋतूत वापरणार त्याच ऋतूत, आणि त्याच वेळेला तपासा. सकाळी सात ते नऊ ही वेळ बरी. वारा पडलेला असतो आणि टार्गेटसमोर मृगजळ नाचत नाही.

वाऱ्याबद्दलही उलटाच समज आहे. जास्त वेगाची गोळी वाऱ्यात कमी सरकेल असं वाटतं. पॉइंट टू टूमध्ये ती नेहमीच्या गोळीपेक्षा जास्त सरकते, कारण आवाजाच्या वेगाजवळ हवा तिला जास्त अडवते आणि ती तुलनेने जास्त वेग गमावते. ज्याला पटत नाही त्याने वाऱ्याच्या दिवशी शंभर मीटरवर दोन्ही मारून बघावीत.

आणि काडतुसं गाडीच्या डॅशबोर्डवर किंवा टिनाच्या शेडमध्ये ठेवू नका. वंगण वितळून एका बाजूला जमतं, काडतुसातली स्फोटक दारू तापून तिचा दाब बदलतो, आणि मग "लॉटच खराब आहे" असा निकाल लागतो; लॉट म्हणजे कारखान्यात एका वेळी बनलेला माल. पाण्याची बाटली सावलीत ठेवता ना? काडतुसंही तिथेच ठेवा.

बसलं म्हणजे चाललं असं नाही

.२२ मॅग्नम हे वेगळं काडतूस आहे. १९५९ मध्ये आलं, जास्त लांब आणि जास्त जाड. साधं काडतूस मॅग्नमच्या चेंबरमध्ये सैल बसतं, आणि मारलं तर पितळ फुटून वायू मागे येऊ शकतो. .१७ एचएमआर हे आणखी एक वेगळं काडतूस, २००२ चं, मॅग्नमचंच पितळ पुढे आवळून बनवलेलं. नळीवर कोरलेलं आणि काडतुसाच्या डब्यावर छापलेलं नाव अक्षरश: जुळलं पाहिजे, "जवळपास तेच" चालत नाही.

साठ ग्रेनच्या जड गोळीला नळीच्या आतल्या, गोळीला गिरकी देणाऱ्या खाचांचा जास्त पीळ लागतो. आपल्या रायफलींच्या नळीला बहुधा सोळा इंचात एक फेरा असतो, त्यात ती गोळी उलटीपालटी होत जाते. टार्गेटवर गोल भोकाऐवजी लांबट, किल्लीच्या भोकासारखं छिद्र दिसलं तर तेच झालं समजा आणि तो डबा बाजूला ठेवा.

काही अतिवेगवान काडतुसांचं पितळ नेहमीपेक्षा लांब असतं. सीसीआय कंपनीचं स्टिंगर हे त्यातलं ठळक. स्पर्धेच्या घट्ट चेंबरमध्ये ती घालायची नाहीत. अशा घट्ट चेंबरमधून न मारलेलं काडतूस परत ओढलं तर गोळी कधी कधी नळीतच अडकते आणि दारू बोल्टमध्ये सांडते, तेव्हा आत घातलेलं काडतूस मारूनच संपवायची सवय बरी.

सेमी-ऑटोमॅटिकमध्ये, म्हणजे पुढचं काडतूस आपोआप भरणाऱ्या रायफलीत, मंद वेगाची काडतुसं बोल्टला पुरेसा धक्का देत नाहीत आणि रिकामं पितळ अडकतं. त्यात काडतुसाचा दोष नाही.

रिकाम्या रायफलीचा घोडा ओढत बसू नका. या प्रकारात फायरिंग पिन काडतुसाच्या काठावर मारते. आत काडतूस नसेल तर अनेक रायफलींत ती चेंबरच्या कडेलाच बसते आणि तिथे खड्डा पडतो. नंतर पितळ नीट निघत नाही, आणि दोष पुन्हा नव्या काडतुसावर.

"टिच्" आणि "फुस्स"

हे दोन आवाज कानाला शिकवून ठेवा. घोडा ओढला आणि नुसतं "टिच्" झालं तर नळी टार्गेटकडेच ठेवून सावकाश तीस आकडे मोजा. काडतूस उशिरा पेटू शकतं. मगच बोल्ट उघडा, तोंड बाजूला ठेवून. पितळाच्या काठावर पिनेचा ठसा खोल असेल तर त्या जागी काठातला पेटणारा मसाला नसेल. काडतूस थोडं फिरवून एकदाच पुन्हा मारून बघा. ठसा उथळ असेल तर काडतुसाला सोडा, फायरिंग पिन आणि बोल्टमधली जुनी गोठलेली ग्रीस बघा. एका डब्यात असं एकदा होणं चालतं. तीनदा झालं तर तो लॉट घेऊ नका.

"फुस्स" जास्त धोक्याचं. आवाज दबका आला, धक्का जाणवला नाही, टार्गेटवर नवं भोक दिसलं नाही: थांबा. गोळी नळीतच राहिली असण्याची शक्यता आहे. बोल्ट काढा, चेंबरकडून सळई घाला आणि ती पार पुढून बाहेर येते का ते बघा. "असेल काहीतरी" म्हणत मागून दुसरी गोळी मारली की नळी फुगते, आणि फुगलेली नळी दुरुस्त होत नाही. नव्या, अनोळखी डब्याच्या बाबतीत तर प्रत्येक गोळीला कान द्यायलाच हवा. शेजारी बसून गप्पा मारणाऱ्याला त्या वेळी चहा आणायला पाठवा.

गोळी कुठे थांबते तेही आधी बघा. डब्यांवर दीड मैलाचा, म्हणजे सुमारे अडीच किलोमीटरचा इशारा छापलेला असतो. शेतातला मातीचा ढीग म्हणजे रेंजचा बांध नव्हे; दगडावर किंवा ओल्या चिखलावर शिशाची गोळी उसळी घेते.

शेवटी लॉट. डब्याच्या पाख्यावर छापलेला लॉट नंबर कंपनीच्या नावाइतकाच महत्त्वाचा आहे. एकाच कंपनीच्या एकाच काडतुसाचे दोन लॉट एकाच रायफलीतून वेगळे वागतात. म्हणून एकच डबा घ्या, तपासा, आवडला तर त्याच लॉटचे परवान्यात बसतील तेवढे त्याच आठवड्यात उचला. महिन्याने गेलात तर दुकानदार दुसरा लॉट पुढे करेल आणि "सेमच आहे" म्हणेल. वहीत तारीख, वेळ, तापमान, लॉट नंबर, पाच ग्रुपची सरासरी आणि "टिच्" किती झाले एवढं लिहा. डब्याचं पाखं फाडून त्याच पानावर चिकटवा.