इंग्लंडमध्ये शिकताना थकलेल्या भाड्याचा दावा आला, तर काय करावं?

पाकीट फोडलं आणि आत कोर्टाचा ‘क्लेम फॉर्म’ निघाला, की पोटात गोळा येतो. हा दिवाणी दावा आहे. भाडं थकलं म्हणून कोणी अटक करत नाही. पण ‘परीक्षा झाली की बघू’ म्हणून पाकीट बाजूला ठेवू नका.

आधी तारीख बघा. दाव्याचा तपशील बजावल्यापासून उत्तराला 14 दिवस मिळतात. तेवढ्यात जमत नसेल, तर सोबतचा पोच देण्याचा फॉर्म लगेच पाठवा. मुदत एकूण 28 दिवसांची होते. उत्तर गेलंच नाही, तर तुमची बाजू न ऐकताच निकाल लागू शकतो. अशा निकालाला तिथे ‘सीसीजे’ (काउंटी कोर्ट जजमेंट) म्हणतात. निकालानंतर महिन्याभरात पूर्ण रक्कम भरली तर त्याची नोंद काढून टाकली जाते, नाहीतर 6 वर्षं राहते आणि पुढचं घर शोधताना आडवी येते.

मग हिशेब मांडा. कागदावर चार रकाने आखा: महिना, ठरलेलं भाडं, भरलेली रक्कम, बँकेतली तारीख. दाव्यातल्या आकड्याशी ओळ न् ओळ ताडून पाहा. एखाद्या महिन्याचं भाडं मित्राच्या खात्यातून गेलेलं असतं, त्यावर तुमचं नावच नसतं आणि घरमालकाच्या हिशेबात ते थकीत दिसतं. सगळ्यांनी एकाच करारावर सह्या केल्या असतील, तर पूर्ण थकबाकी सहसा कोणा एकाकडूनही मागता येते. ‘माझा वाटा मी दिला’ एवढ्यावर सुटका होत नाही, म्हणून घरातल्या बाकीच्यांना आजच कळवा.

डिपॉझिटही तपासा. खासगी भाड्याच्या घराचं डिपॉझिट मालकाने 30 दिवसांत मान्यताप्राप्त योजनेत ठेवायचं असतं. ठेवलं नसेल, तर डिपॉझिटच्या 1 ते 3 पट भरपाई मागता येते. असा प्रतिदावा करायला फी लागते, तेव्हा आधी स्टुडंट्स युनियनच्या सल्ला केंद्रात किंवा ‘सिटिझन्स अॅडव्हाइस’ या सल्ला देणाऱ्या संस्थेकडे जा. सल्ल्याचे पैसे पडत नाहीत.

रक्कम खरी असेल तर कबूल करा आणि जमा-खर्च दाखवून हप्ते मागा. झेपेल तेवढाच हप्ता लिहा. घाबरून मोठा आकडा टाकू नका. काही भागच मान्य असेल, तर तेवढाच मान्य करून बाकीचं का नाही, ते पुराव्यासह सांगा.

रक्कम नाकारलीत आणि दावा 10,000 पौंडांपर्यंतचा असेल, तर सहसा आधी फोनवर मोफत मध्यस्थी होते. ती टाळता येत नाही. फोन येईल तेव्हा तो चार रकान्यांचा कागद समोर असू द्या.